गाळा

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
(शुक्रवारी नाही. शुक्रवारी म्हापशात
कोण कुणाला मोकळा सापडतो?)
आमच्या मंडळाची सभा भरते
कायतानच्या फर्निचर शोरूमच्या माडीवर,
न खपलेल्या खुर्च्यांवर.
काहींचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.
हललं की चुरचुरतं,
त्यामुळे कोण अस्वस्थ आहे
ते सगळ्यांना कळतं.

आम्ही बावीस जण. दुकानं, गोदामं, कचेऱ्या,
दवाखान्याला चालेल अशी पहिल्या मजल्यावरची जागा.
लोकांना दारं दाखवतो
आणि दार उघडलं की दोन महिन्यांचं भाडं मागतो.
एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतो,
एकमेकांच्या घरी चवथीला जातो.
दोन्ही मनापासून.

यंदा ॲप आलं.
तन्वेशने भिंतीवर नकाशा पाडला:
हिरवा ठिपका रिकामं, लाल ठिपका दिलेलं.
बाजारपेठ तर नुसती लाल.
एर्मेलिंडा म्हणाली,
"गांवाक गोंवर आयला गो!"

त्याआधी होती उपेंद्रबाब धुम्यांची वही.
लांबट, खाकी पुठ्ठ्याची,
जागा, मोजमाप, भाडं
आणि शेवटचा रुंद रकाना: शेरा.

किल्ली समोरच्या पोदेराकडे. अकरानंतर तो झोपतो.
मालक चार भाऊ. चौथा लिस्बनला, पण फोन उचलतो.
जुलैत मागची भिंत पाझरते. सांगून द्या.
भाड्याची घासाघीस करा, मुलाचा निकाल विचारू नका.

ॲपमध्ये शेरा नव्हता.
मी चिटणीस. ठराव मांडला, रकाना हवा.
तन्वेशने विचारलं, किती अक्षरांचा?
उपेंद्रबाब म्हणाले,
"भिंत किती पाझरते, त्यावर आहे."
हशा. ठराव मंजूर. चहा आणि पॅटीस.

त्यांची बोटं थरथरतात,
म्हणून फोनला बोलून लिहायला शिकवलं.
फोन त्यांनी तोंडासमोर आडवा धरला,
चहात बुडवण्याआधी बिस्किट धरावं तसा,
आणि वही उघडून वाचू लागले.
यंत्राने ऐकलं ते भिंतीवर उमटलं:

गळा भाड्याने देणे आहे.
तळमजला. रस्त्याला लागून.
शटर ओढताना मध्येच अडकतं.
गळा दोन वर्षं बंद.

बावीस खुर्च्या एकदम चुरचुरल्या.
कायतानला ठसका लागला.
उपेंद्रबाबही हसले, आवाज न करता,
आणि पुढची नोंद वाचायला लागले.

घरी जाताना पुलावर मला आठवलं:
चवथीच्या आरत्यांत वरची पट्टी त्यांची असायची.
शेजारच्या घरातले लोक आपली आरती थांबवून ऐकत.
सुलभावहिनी गेल्या त्या वर्षी
आम्ही गेलो, बसलो, नेवऱ्या खाल्ल्या,
आरती फोनवर लावली होती.
मागच्या वर्षीही फोनवरच.
कुणी काही बोललं नाही.
आवाज स्वच्छ होता, एवढंच कुणीतरी म्हणालं.

रात्री दुरुस्त्या करायला बसले.
चोपन्न नोंदी.
दत्तवाडीतला गळा, कोर्टाजवळचा गळा,
बसस्टँडमागे जोडून असलेले तीन गळे.
एकेकाला काना लावत गेले.
किती छोटी रेघ. ती उभी केली
की भिंती येतात, छप्पर येतं, भाडं येतं.

एक नोंद मात्र तशीच ठेवली.
सभासद विचारतील तर चुकून राहिली म्हणेन.
तळमजला, रस्त्याला लागून, दोन वर्षं बंद.
ठिपका हिरवा आहे.
चवथीला अजून एकवीस दिवस.
शेऱ्यात त्यांच्याच शब्दांत आहे:
किल्ली शेजारी मागा.