माती वाळायला आठ दिवस लागतात

जूनच्या दुसऱ्या सोमवारी
ऑफिसातून छापील वेळापत्रक येतं.
सुट्ट्या लाल, परीक्षा निळ्या.
चित्रकलेला रंग नाही.
तिनं उरलेल्या चौकोनांत बसायचं,
पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं,
मीठ-लिंबू तेवढं वाढून झालेल्या पानावर.

मी नियोजन शिसपेन्सिलीनंच लिहिते.
आधीच्या दिघेबाई वही सोडून गेल्या,
तिच्या पहिल्या पानावर तीन ओळी:
श्रावणात माती घेऊ नये.
नवरात्रात कात्री देऊ नये.
पारेख सरांना तास देऊ नये.

पहिलं मी ऐकलं नाही.
तिसरं अजून कुणाला जमलेलं नाही.
चौथं माझं मीच शिकले,
जानेवारीत कागदकाम ठेवू नये;
उत्तरायणानंतर आठवडाभर
निम्म्या वर्गाच्या बोटांवर मांजाच्या चिरा असतात
आणि डिंक झोंबतो.

सातवी ब, गुरुवार, सहावा तास.
जुलै: छायाप्रकाश, आपापली चप्पल समोर ठेवून.
ऑगस्ट: माती. फुलदाणी.
सप्टेंबर: रंगवणे, आणि तपासणी वीसपैकी.
वहीत सोपं असतं.
एका आठवड्यातून दुसऱ्यात एक बाण काढला की झालं.

पण माती वाळायला आठ दिवस लागतात,
आणि बडोद्यात ऑगस्टमधले
सलग आठ दिवस कुणाचेच नसतात.
राखी, सातम-आठम, घटक चाचणी,
आणि मग विश्वामित्री
परिपत्रक न काढता सुट्टी देते.

त्या वर्षी पाणी शाळेच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं.
ओसरलं तेव्हा व्हॉलीबॉलच्या खांबाशी
एक मगर पडलेली होती, जिवंत,
जणू तिचाच तास चालू होता.
वनखात्याच्या माणसांनी तिला दोरांनी आवळून
टेम्पोतून नेलं.
पुढच्या गुरुवारी फुलदाणी कुणीच केली नाही.

निकष माझ्याकडे तयार होते:
समतोल, कडांची जाडी, पाया सपाट.
"मगरीचा पाया सपाटच असतो की,"
चैतसी फणसे म्हणाली,
"पोटावर तर चालते ती."
तो निकष मी तसाच ठेवला.

बत्तीस मगरी खिडकीखालच्या फळीवर.
दमट हवा. शेपट्या तडकायला लागल्या.
जिगरच्या मगरीचा जबडा
मिटेना आणि वाळेनाही.
तिकडे ऑफिसातून निरोप,
गुण शुक्रवारपर्यंत द्या.
ओल्या मातीला किती द्यायचे
हे कुठल्याच परिपत्रकात नाही.

तेहतिसावी वस्तू तनुज घोरपडेची.
खाट. चार पायांखाली चार विटा.
खाटेवर काही नाही.
पातळ होती म्हणून सगळ्यांच्या आधी वाळली.
चौथी वीट जरा बुटकी,
तिच्याखाली घडी घातलेला कागद.
मी विचारलं, हा कशाला?
"घरी पण असंच केलंय," म्हणाला,
आणि हात धुवायला गेला.

समतोल, पाचपैकी.
लाल पेन उघडं ठेवून मी बराच वेळ बसले.

तेवढ्यात पारेख सर दारात,
नेहमीसारखे, खडू हातात, अर्धं वाक्य तयार:
"बेन, फक्त आजचा तास, अपूर्णांक राहिलेत..."
मग फळीपाशी थांबले.
चष्मा वर करून वाकले.
बोटानं विटा मोजल्या, एका बाजूच्या, दुसऱ्या बाजूच्या.
"आमच्या समाला," म्हणाले, "छ-छ लागतात.
एका पायाला छ."
आणि तास न मागताच गेले.

दिघेबाईंच्या तिसऱ्या ओळीखाली
मी त्या दिवसाची तारीख लिहिली,
या एकदाच पेनानं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी दोन तास नेले.