लग्नाआधी तुमचे

अमळनेरच्या सत्र न्यायालयात, दुपारी पावणेतीनला
दार आतून लावून घेतलं.
सुपडू शिपाई बाहेर स्टुलावर.
आत पंखा, आणि आम्ही सात जण.

ती डाळमिलमध्ये कामाला. नाव
मी इथेही लिहीत नाही.
केसांच्या मुळाशी हरभऱ्याची पिवळी भुकटी,
न्हाऊन आली असणार, तरी.

"मी त्याले नही म्हनं व्हतं. दोनदा."
साहेब लातूरकडचे, माझ्याकडे बघतात.
मी टंकते: मी त्यास दोन वेळा नकार दिला होता.
नकार हा शब्द तिने जन्मात वापरला नसेल.

मग बचावाचे वकील उठले, चष्मा पुसला,
अगदी मऊ आवाजात म्हणाले,
"लग्नाआधी तुमचे मिलमधल्या त्या मुकादमाशी—"
साहेबांनी पेन आडवं ठेवलं.
"प्रश्न नामंजूर."
"पण साहेब, चारित्र्याचा मुद्दा—"
"तो या खटल्यात नाही. त्या दिवसाचं विचारा."

एवढंच. कुणी टेबल आपटलं नाही.
तिला कळलंही नसेल काय अडवलं गेलं ते.
दोन्ही हातांनी कठडा धरला होता,
त्यातला उजवा जरा सैल झाला.

माझी बोटं वकिलांच्या पुढे धावतात, वीस वर्षांची खोड.
पडद्यावर आधीच उमटलेलं: लग्नाआधी तुमचे
मागून पुसत आले.
'चे'ची मात्रा गेली, मग च.
'तु'चा उकार. 'धी'ची वेलांटी.
लग्न सगळ्यात शेवटी गेलं.

आता नोंदीत तो प्रश्न नाही.
बोरीच्या पुलावर आहे,
मिलच्या फाटकाशी, पाळी सुटते तेव्हा आहे,
पिठाच्या गिरणीत डबा खाली ठेवता ठेवता आहे.
तिथे पेन आडवं ठेवायला कुणी बसलेलं नसतं.

आणि आज सकाळी, कॅन्टीनमध्ये,
बशीत चहा ओतता ओतता
मीच म्हणाले होते,
"काय रे सुपडू, पह्यले कोनासंगे व्हतं म्हने तिन्हं?"
तो हसला. मीही.

पावणेपाचला साक्ष वाचून दाखवली.
तिने सही केली, एकेक अक्षर खिळ्यासारखं ठोकत,
आणि जाता जाता माझ्या टेबलाशी वाकली:
"ताई, मन्हं 'नही' लिखं ना?"

लिहिलं म्हणाले.
कागदावर नकार होता.