मुका के

विट्यात माग बंद पडले त्या चैत्रात
आणि गल्लीला पहिल्यांदाच कळलं
की आपण सगळे ओरडून बोलतो.
मीठ मागायचं तरी ओरडून,
लेकराला झोपवायचं तरी ओरडून.
चार मागांच्या खडखडाटात नांदायला आलेली मी,
एकोणीस वर्षांत
नवऱ्याचा खरा आवाज ऐकला नव्हता.
बारीक निघाला.
मला हसू आलं.

शाळाही बंद.
म्हेत्रे बाई फोनवर धडे पाठवायच्या.
फोन नवऱ्याचा, रेंज जिन्यातच,
म्हणून प्रांजल वरच्या पायरीवर
आणि मी खालच्या,
कांड्यांची रिकामी टोपली मांडीवर.

"के एन आय एफ ई. नाइफ."
म्हटलं, के कुठं गेला?
"तो सायलेंट असतो, आई."
मग लिहायचा कशाला?
"लिहायचा. बोलायचा नाही."
असं म्हणाली, जसं हे पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे.

बोलायचं नाही, पण जागा धरून सगळ्यांच्या पुढं बसायचं.
सोप्यातल्या खाटेवर आमचे मामंजी बसतात
तसं.

ट्रंकेत माझी गुणपत्रिका आहे.
इंग्रजी: एकतीस.
पस्तिसाला चार कमी, आणि तेवढ्यावर लग्न ठरलं.
त्या चारांतला एखादा
ह्या मुक्यानंच खाल्ला असणार.

मग एकदा तिला यादी हवी होती,
घरातल्या वस्तू, दहा, स्पेलिंगसकट.
मी तिला मागाच्या खोलीत नेलं.
बीम, म्हटलं. बेल्ट. मोटर. नट.
बॉबिन. गिअर. पुली. ब्रेक.
ती लिहीत गेली, मधेच माझ्याकडं बघत गेली,
जणू मी कपाटामागून
कुणाचं तरी काहीतरी काढून देत होते.
नववा म्हणून जॉबर सांगितला.
"माणूस आहे तो, वस्तू नाही," म्हणून खोडला.
त्या जागी स्प्रिंग.
"आई, तुला इंग्रजी येतं की गं!"
येत होतं तर.
तेलकट होतं, एवढंच.

दहावा धोटा.
त्याचं काही मला येईना.
फोनला विचारलं, तो शटल म्हणाला.
"म्हणजे जाऊन परत येणारं," प्रांजल म्हणाली.
मी धोटा हातात घेतला.
दीड महिना कुठं गेलाही नव्हता, आलाही नव्हता.
सुताचं टोक तसंच लोंबत होतं,
त्याला कोळ्यानं आपलं सूत जोडलेलं.

जूनअखेर एक पाळी सुरू झाली.
कानांची सवय मोडली होती, पहिल्या दिवशी डोकं धरलं.
नवऱ्याचा आवाज पुन्हा आत कुठंतरी गेला.
शाळा मात्र बंदच,
त्यामुळं प्रांजल ओरडून पाठ करू लागली.
मागाचा ठोका आणि तिचा ठोका जुळेना,
मग हळूहळू जुळला:
डब्ल्यू ए एल के
खडाक्
वॉक.
"यातला एल मुका!" ती ओरडली.
काय? मी ओरडले.
"एल! एल मुका!"
शेजारच्या तारळेकर वहिनींनी खिडकीतून डोकं काढलं,
कोण मुका? कुणाचं पोरगं?

लाइट गेली की अजून थोडं ऐकू येतं.
तेवढ्यात ती एक विचारते, मी एक चुकते.
परवा म्हणाली, सांग, नॉट.
नाही म्हणायचा नव्हे, दुसरा. गाठ.
एन ओ टी, मी म्हटलं.
"पुढं के."
यात पण आहे का गं तो?
"आहे."

सूत तुटलं की मी बोट ओलं करते, पीळ देते, संपलं,
मोजायला गेलं तर सेकंदही लागत नाही.
दिवसाला दोनशे तरी मारत असेन.
त्या प्रत्येकीच्या पुढं
तो बसलेला होता म्हणायचा
एकोणीस वर्षं,
आणि एकदासुद्धा
हूं का चूं नाही.