आक्षेप क्रमांक दोन

चौतीस वर्षं मी सरकारी वह्यांत घालवली,
झाशी रोडवरच्या लेखा कार्यालयात, जिन्यालगत.
अकरा पैशांचा फरक शोधता शोधता एकदा
नरकचतुर्दशी तिथेच उजाडली होती.
म्हणूनच असेल,
ग्वाल्हेरच्या ठाण्यांवर नजर ठेवायला
नगर निगमला बाहेरचं कुणी हवं होतं तेव्हा
कुणीतरी म्हणालं, ती इंदापूरकर बाई बघा.
चहासुद्धा घरून आणते.

खोली मिळाली. खुर्ची पुढच्या आठवड्यात.
दारावर पाटी लागली, तिच्यातल्या ‘स्वतंत्र’वरचं
टिंब राहिलं होतं.
पेंटर म्हणाला, चल जाएगा, मॅडम.
मी म्हटलं, नाही चालणार.
हा आक्षेप कुठे नोंदवलेला नाही.

नवी सराय ठाणं. जानेवारी.
धुक्यानं किल्ला गिळलेला,
मोहर्रिर रामसेवक शेगडीवर हात शेकत.
रोजनामचा त्यानं दोन बोटांनी पुढे सरकवला,
उष्टं ताट सरकवावं तसा.
एकोणीस तारीख, रात्री दोन ते साडेपाच:
‘सर्व शांत. हजर शिपाई दोन.’
अक्षर सुंदर. फारच सुंदर.
सतरा, अठरा, एकोणीस,
तिन्ही रात्री एका शाईच्या, एका बैठकीतल्या.
जागणाऱ्या माणसाचं अक्षर पहाटेकडे
ओळीखाली घसरतं,
हे मी माझ्याच वह्यांत पाहिलंय.

काही बोलले नाही. चहाची बिलं मागितली.
चहाची?
हो, चहाची.
ठाण्याला लिहायला वेळ असतो,
टपरीवाल्याला उधारी बुडायची भीती असते.
एकोणीस तारीख, रात्री तीन: कप अकरा.
रामसेवक म्हणाला, थंडी होती, मॅडम.

त्याच रात्री बलराम कुशवाहला
गजकच्या गाडीसकट आत नेलं,
असं त्याची आई सांगते.
असा कुणी आलाच नाही, ठाणं सांगतं.
सकाळी तो घरी गेला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं
एकमेकांकडे बघत नव्हती.
मालखान्याची वही, पान एक्केचाळीस:
‘तराजू लोखंडी एक, वजनं पाच, बेवारस.’
माणूस आला नाही,
तराजू तेवढा पायी चालत आला.

मला अटक करता येत नाही.
निलंबित करता येत नाही.
दरडावायला गेले तर आवाज चिरकतो.
विचारता येतं,
आणि उत्तर मिळेपर्यंत
पानावर हात ठेवून बसता येतं.

आक्षेप क्रमांक एक: अकरा कप. सोबत सात पानं.
एप्रिलात उत्तर आलं, दीड ओळीचं:
‘खुलासा समाधानकारक. आक्षेप वगळावा.’
खुलासा जोडलेला नव्हता.
मी खाली लिहिलं, पुढे चालू.

तराजू मात्र परत दिला त्यांनी.
रामकली तो पदरात बांधून माझ्या खोलीत आली.
खुर्ची तोवर आली होती, तिच्यावर तिला बसवलं.
तिनं वजनं टेबलावर मांडली,
किलो, अर्धा, दोनशे, पन्नास.
शंभरचं नाही, म्हणाली.
लोक तर शंभरच ग्रॅम मागतात.

मी फोन लावला. पलीकडे कुणी हसलं.
शंभर ग्रॅम? क्षुल्लक आहे, मॅडम, सोडून द्या.
हा शब्द मी नोकरीच्या पहिल्या दिवशी ऐकला होता,
निरोपसमारंभातही ऐकला.

पेन्सिलीला टोक केलं.
जप्त वजनं पाच. परत चार.
पंख्यानं कागद उडत होता,
रामकलीनं त्यावर किलो ठेवला.
बलराम इतका वेळ दारातच उभा.
सही कुठे करू, त्यानं विचारलं,
आणि डावा हात पुढे केला.
नाव लिहायला त्याला बराच वेळ लागला.
अक्षर ओळीखाली घसरत गेलं.