एकच व्यक्ती

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीलगत, निळ्या ताडपत्रीखाली
शेलार टायपिस्ट मान वर न करता विचारतो,
"लग्नाआधीचं नाव?"
सिंधू रामचंद्र ढमढेरे.
"नंतरचं?"
वैजयंती माधव जगदाळे.
"दोन्ही एकच ना?"

मागे सहा माणसं खोळंबलेली. चहावाला पोरगा
ग्लास आपटतोय. हा प्रश्न
असा उभ्या उभ्या विचारायचा असतो का?

झालं एवढंच, की भावाने घर रंगवायला काढलं
आणि वडिलांच्या ट्रंकेत पोस्टाचं पासबुक सापडलं,
माझ्या नावाचं. म्हणजे तिच्या.
शिल्लक एकशे बारा रुपये, वर पन्नास वर्षांचं व्याज.
खिडकीतली मुलगी म्हणाली, काकू,
आधारवरच्या बाई वेगळ्या, ह्या वेगळ्या.
पाचशेचा स्टॅम्प करून आणा
दोघी एकच असल्याचा.

माधवराव असते तर म्हणाले असते, आत्मा बदलत नाही.
रोज पर्वती उतरून येईपर्यंत
त्यांना असं काही ना काही पटलेलं असायचं.
आणि रात्री दिवा घालवल्यावर, भिंतीकडे तोंड करून,
"तू बदललीस."
दोन्ही वेळा मी हूं म्हटलं.

लेक कोथरूडला समुपदेशन करते, तासाचे बाराशे.
ती म्हणते, आई, 'मी' अशी वस्तूच नसते गं,
आपण स्वतःला सांगत राहतो ती गोष्ट असते.
गवार मोडता मोडता मी म्हटलं, असेल,
पण माझी गोष्ट मध्येच दुसऱ्याने सांगायला घेतली.
तांदळाचं ताट, सोन्याची अंगठी,
आणि परक्या बोटाने काढलेली चार अक्षरं.
'य'चं पोट फुटलेलं. सगळे हसले.
ते तांदूळ पुढे कुठे गेले, कुणी विचारलं नाही.
शिजवले असतील.
मीही खाल्ले असतील.

लेक गप्प. तिचा तास नव्हता तो.

तर, सिंधू.
तिला शीळ घालता यायची.
वेळ नदीच्या वाळूत, कलिंगडाच्या वेलांमधून
अनवाणी पळायची. साय पाहिली की तिला ओकारी,
मी ती बोटाने चाटते.
ती विहिरीत काठावरून उडी टाकायची,
मला बादलीत वाकायचं तरी चक्कर येते.
एवढ्यावरून कोण म्हणेल एक?
पण त्या उडीत फुटलेला डावा गुडघा
डिसेंबर लागला की ठणकतो,
तो मला.

शेलार वाचून दाखवतो,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, वरील दोन्ही नावे
माझीच असून मी एकच व्यक्ती आहे.
सदर मजकूर खोटा आढळल्यास
कायद्याने होणाऱ्या शिक्षेस पात्र राहीन.
किती असते शिक्षा, मी विचारलं.
"अहो काकू, एवढं कोण तपासतंय."

जुनी सही पण लागेल म्हणाला.
कालच्या पेपराच्या समासात करून पाहिली.
आडनावात दोन ढ, बाई वर्गात मोजून दाखवायच्या.
पहिल्यांदा पेन अडलं. दुसऱ्यांदा
भलतीच कुणाची तरी सही झाली.
तिसऱ्यांदा मनगट आपणहून वळलं,
शेवटच्या मात्रेला झोका देऊन थांबलं.
मी नुसती बघत होते.

नोटरीच्या दाराबाहेर बाक. पंखा एकाच बाजूला वारा घालणारा.
शिपाई ओरडला, "सिंधू ढमढेरे!
सिंधू ढमढेरे आल्यात का?"
सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं.
मीही पाहिलं, जिन्यावरून कोण येतंय ते.

शेजारची म्हणाली, गेल्या वाटतं कंटाळून.
येतील, म्हटलं,
तळेगावहून यायचंय त्यांना.

मग डाव्या गुडघ्यावर हात टेकून उठले.