शेरा

रजिस्टरला पाच रकाने.
नाव, वय, गाव, आकडा, शेरा.
शेऱ्यात तीनच शब्द चालतात, साहेबांनी बजावलंय:
सौम्य, मध्यम, तीव्र.
आकडा पुरेसा असेल तर नुसती आडवी रेघ.

मोहाडीच्या पुढे, द्राक्षांच्या पॅकहाउसबाहेर
पालथ्या क्रेटांचं माझं टेबल.
आत एसी आहे, द्राक्षांसाठी.
बाहेर पत्र्याच्या सावलीत बाया रांगेत,
डोक्याला जाळीच्या टोप्या, बोटं अजून गार.
टोचलं तरी थेंब येत नाही,
मुळापासून चोळत आणावा लागतो टोकाशी.

सुमन गांगुर्डे, चौतीस. नऊ पॉइंट एक.
ताई महाले, एकेचाळीस. दहा पॉइंट चार.
हिरा गावित, एकोणीस. आठ पॉइंट सहा.
लग्न ठरलंय, म्हणाली,
आकडा तिकडं कळायला नको.

चक्कर येते का?
"चक्कर न्हाई मॅडम. उठलं की नुसते काजवे चमकतात.
ते सगळ्यांनाच चमकतात ना?"

सगळ्यांनाच.
आणि सगळ्यांना असतं त्याला
आजार म्हणायची इकडे पद्धत नाही.

गावात पाटी आता एकाही पोराकडे नाही,
तरी किराणावाला पाटीवरच्या पेन्सिलींचे डबे मागवतो.
बाया खातात. पदराआड, कुडुमकुडुम.
का खाता विचारलं तर लाजतात,
चोरी पकडल्यासारख्या.

पुरुषांना बोलावलं तर ट्रकवरून आवाज आला,
"आम्हाला काय पाळी येती का?"
हशा.
रखवालदार चिंधू थविल, बावन्न,
रांग संपल्यावर आला, इकडंतिकडं बघत.
दहा पॉइंट दोन.
"मशीन बिघडलं असंल," म्हणाला.
दुसरा हात पुढे केला.
दहा.

मंगल भोये, एकोणतीस, मूळ गाव सुरगाण्याकडे.
खालची पापणी ओढली
तर आत धुतलेल्या भांड्यासारखं पांढरं.
सहा पॉइंट आठ.
दवाखान्यात यावं लागेल, मी म्हटलं,
तुझ्या रक्तात लोह कमी आहे.
"लोह म्हंजी?"
लोखंड.
ती विचारात पडली. मग एकदम उजळली:
"म्हंजी फेरस!
बागेत कवळं पान पिवळं पडतं,
शिरा तेवढ्या हिरव्या ऱ्हात्यात,
मालक लांबूनच वळखतो, बांधावरूनच.
त्याच सांजेला ड्रिपातनं फेरस सोडायला लावतो.
मीच सोडते की."

बाया हसल्या. मीही हसले.
मालक फोनवर होता, कंटेनरचं बोलत.
आत चकतीच्या भोकातून
मणी पडत होते: अठरा मिलिमीटरच्या खालचे बाजूला,
रंग न भरलेले बाजूला.

गोळ्या वाटल्या, लाल, प्रत्येकीला तीस.
मागच्या खेपेच्या अजून कितीतरी घरांत आहेत,
देवाच्या फोटोमागे, खिशी न उघडलेली.
तोंडाला कडू, पोटाला दगड,
सकाळी काळं बघून भ्यायल्या,
रक्तच जळून चाललं म्हणाल्या, आणि सोडल्या.
हे सांगायला रकाना नाही.
भाकरीवर लगेच चहा पिऊ नका, एवढं सांगितलं
आणि निघताना त्यांनीच दिलेला चहा
उभ्यानं प्याले. नको कसं म्हणणार?

एसटीत खिडकी मिळाली.
ओझरपाशी दिवे लागले होते.
कंडक्टरनं तिकीट दिलं, मी नखं बघितली.
मग पुढच्या सीटवरच्या बाईच्या कानाची पाळी,
मग दांडा धरून उभ्या पोराचा तळवा.
ही खोड सुटत नाही.
निम्मी गाडी झोपली होती,
मान खाली टाकून, सगळे म्हणतात तसं,
दिवसभराच्या कामानं.

एकशे सत्तावीस नावं.
आडव्या रेघा एकतीस.

मंगलच्या शेऱ्यात लिहिलं: तीव्र.
मग बाजूला, समासात, पेन्सिलीनं:
पान पिवळं, शिरा हिरव्या. मालकाला दिसत नाही.

साहेब खोडायला लावतील.
खोडेन.
कागदावर तेवढा दाब राहील.