बावीस मिनिटं

तोइवो रंताला गेला तेव्हा
पहाटेचे तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती.
मला ठाऊक आहे, त्याचा हात माझ्या हातात होता
आणि घड्याळ समोरच, औषधांच्या गाडीवर.
कागदावर मात्र तीन चाळीस.
लोर्ना खालच्या मजल्यावरून आली, स्टेथोस्कोप लावला,
मिनिटभर ऐकलं, मनगटाकडे पाहिलं, लिहिलं.
ते रजिस्टर्ड नर्सनं लिहायचं असतं.
मी प्रॅक्टिकल.
मला नुसतं कळायचं असतं.

बावीस मिनिटं जास्त जगला म्हातारा, सरकारदरबारी.
लोखंडाच्या खाणीत पस्तीस वर्षं काढलेल्याला
एवढा ओव्हरटाइम काही जड नाही, मी म्हणाले,
आणि आम्ही दोघी हसलो
खोलीबाहेर येऊन, तोंडावर हात धरून.

हिबिंगच्या कॉलेजचा अर्ज
डिसेंबरपासून फ्रिजवर आहे, माशाच्या चुंबकाखाली.
दोन वर्षं. संध्याकाळचे वर्ग. बर्फातून चाळीस मैल.
रसायनशास्त्र पुन्हा पहिल्यापासून,
कारण माझं जुनं म्हणे मुदतबाह्य झालं.
(पाणी तरी अजून पाणीच आहे ना?)
पोरगी म्हणते, आई, मोल म्हणजे डझनासारखंच,
फक्त खूप मोठं.
डेल म्हणतो, तू ठरव.
खाणीनं त्याला दोनदा घरी बसवलंय,
ट्रकचे हप्ते अजून एकवीस,
आणि हा म्हणतो, तू ठरव,
जणू मला मिठाची बरणी पुढे सरकवतोय.

एकोणीस वर्षं मी सांगत आलेय:
बाराव्या खोलीतल्या बाईंचा श्वास बरा नाही.
सातव्या खोलीतले आज भिंतीशी बोलतायत.
बघणं माझं.
त्यापुढचं 'म्हणून' मात्र लोर्नाचं.
कधी ती दुसऱ्या मजल्यावर अडकलेली असते
आणि माझ्या तोंडात तो 'म्हणून'
गिळता न येणाऱ्या गोळीसारखा विरघळत राहतो,
कडू, दाराशी उभी राहून.

पण लोर्नाचंही पाहिलंय मी.
स्क्रीन, फोन, रजेवर गेलेल्यांच्या जागा भरणं,
कुणाच्या तरी लेकीचा शिकागोहून आलेला संताप.
तिनं कुणाची पाठ शेवटची कधी धुतली
ते तिलाही आठवत नाही.
परवा कॉफीच्या यंत्रापाशी म्हणाली,
आर्लिस, तुझ्या हातांना अजून लोशनचा वास येतो.
त्यात कौतुक होतं की कीव, मी विचारलं नाही.
तिची कॉफी थंड झाली होती. तिनं तशीच प्यायली.

माझ्या खिशात एक वही असते.
कुणाला सांगितलेलं नाही.
तिच्यात खऱ्या वेळा आहेत.
सदतीस माणसं, आडनावासकट, मिनिटासकट,
एकीच्या पुढे 'चंद्र होता' असंही लिहिलंय,
का लिहिलं कोण जाणे.
ती वही कुठल्याच फाइलला लागत नाही.
रजिस्टर्ड म्हणजे नोंदलेली.
मी नोंद करते, पण माझी नोंद धरत नाहीत,
आणि त्याचा राग
मला चाळिशीनंतर यावा
हे जरा हास्यास्पदच आहे.

की राग नाहीच, नुसता थकवा
आणि थकव्याला पदवीचं नाव देतेय मी?
पंचेचाळिसाव्या वर्षी परीक्षेला बसायचं,
वीस वर्षांच्या पोरींमध्ये, चष्मा शोधत.
आणि पास झालेच, तर पुढच्या तोइवोचा हात
कुणी धरायचा? मी लिहीत असताना?

अर्ज शुक्रवारपर्यंत.
आज बुधवार, की गुरुवार उजाडला,
रात्रपाळीला काही कळत नाही.
बाहेर उणे एकतीस. गाडीची तार प्लगमधून काढली,
आत बसले, काचेवरचं बर्फ सुटायची वाट बघत.
मांडीवर तो कागद. निघताना फ्रिजवरून का काढला
ते विचारू नका.
'अनुभव, वर्षे' असा रकाना आहे,
एक आकडा मावेल एवढा.
पेन उमटेना. शाई गोठली होती.
मग ते कोटाच्या आत घेतलं,
काखेत दाबून बसले
थर्मामीटरसारखं.
तीन मिनिटं तरी लागतात.
अजून काढून पाहिलेलं नाही.